रेकॉर्डवर आहे ते वाजवा

“बास, जरा रेकॉर्डवर आहे ते वाजवाल का?”

काचेपलीकडच्या बाईनं हे इतक्या नम्रपणे विचारलं, की ती दुसऱ्या कुणाशी बोलतेय असं मला आधी वाटलं. पण त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि बास गिटार एकट्या माझ्याच गळ्यात होती.

“मी तेच वाजवतोय,” मी म्हणालो.

बाईनं शेजारच्या माणसाकडं पाहिलं. माझ्या उजव्या हाताला उभा असलेला कॉलिन आपल्या गिटारची खुंटी पिळायला लागला. त्याची गिटार दहा मिनिटांपूर्वीच जुळवून झाली होती. मागं ड्रमवर मॉरीन होती. तिनं खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

“बरं,” बाई म्हणाली, “मी रेकॉर्ड लावते. तुमच्या कानात येईल. तिच्या बरोबरीनं वाजवून बघा.”

फेब्रुवारी १९९६. दुपारचे साडेतीन. इंग्लंडातल्या लीड्स शहरातलं एक रेडिओ स्टेशन. संध्याकाळी सहा वाजता आमचा बँड तिथून थेट वाजवणार होता. आमची पहिली रेकॉर्ड येऊन तीन आठवडे झाले होते. त्यातलं ‘हाफ-डे वेन्झडे’ हे गाणं रेडिओवाले दिवसातून चारदा लावत होते, आणि ते गाजतंय ते बासमुळं, असं पेपरात छापून आलं होतं.

गाणं सुरू झालं. मी डोळे मिटून वाजवायला लागलो. रेकॉर्डवरची बास जिन्यावरून धावत खाली येत होती, मधल्याच पायरीवर थबकत होती, मागं वळून बघत होती, पुन्हा धावत होती. मी आपला तळमजल्यावर उभा राहून दार ठोकत होतो. ठक. ठक. ठक. ठक.

दुसऱ्या कडव्यात मी थांबलो. गाणं पुढं चालू राहिलं. माझ्यावाचून त्याचं काही अडलं नाही.

आता एखाद्या माणसाला आपण स्वतः काय वाजवलंय हे तीन आठवडे कळू नये, हे कसं घडलं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. त्यात माझी शोभा होणार आहे, पण त्याला इलाज नाही.

माझं नाव नेमगोंडा मगदूम. राहणार इचलकरंजी. आमच्या आप्पांचे चोवीस यंत्रमाग होते, आणि आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात हे ऐकवल्याशिवाय ते परक्या माणसाला चहा देत नसत. पोरानं खऱ्या मँचेस्टरच्या अंगाला जाऊन कापडाचं शिक्षण घ्यावं म्हणून त्यांनी १९९२ साली मला हडर्सफील्डला पाठवलं. तिथं पोचल्यावर कळलं, की तिथल्या बऱ्याचशा गिरण्या कधीच बंद पडल्यात. अभ्यासासाठी जुने माग बघावेत म्हणून मी अशाच एका बंद गिरणीत गेलो. दुसऱ्या मजल्यावर माग नव्हतेच. तिथं एक मुलगी ड्रम बडवत होती आणि एक लांब केसांचा बाप्या भिंतीकडं तोंड करून गात होता.

हे कॉलिन आणि मॉरीन ॲक्रॉइड, सख्खे भाऊबहीण. कॉलिन अठ्ठावीस वर्षांचा, पोस्टात कामाला. मॉरीन त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, बेकरीत. बँडचं नाव ‘बॉरोड कोट्स’, म्हणजे उसने कोट. त्यांचा बासवाला लग्न करून पोलिसात भरती झाला होता.

“तुला काही वाजवता येतं?” कॉलिननं मला विचारलं.

“गिटार,” मी म्हणालो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी दोन सिनेगीतं वाजवली होती, तीही हवाईयन गिटारवर, म्हणजे ती मांडीवर आडवी ठेवून आणि स्टीलची कांडी फिरवून. हा तपशील मी सांगितला नाही.

“गाडी चालवता येते?”

“येते.”

“नाव काय तुझं?”

“नेम,” मी म्हणालो. विद्यापीठात माझं पूर्ण नाव कुणाला झेपत नव्हतं, म्हणून मी ते अर्ध्यावर कापलं होतं.

“हो, नेम. तेच विचारतोय.”

ही गंमत पुढं अंगाशी आली. रेकॉर्डच्या वेष्टनावर ‘बास गिटार : नेम’ असं छापायला दिलं, तर छापखान्यातल्या माणसाला वाटलं, नाव घालायचं राहूनच गेलंय. त्यानं तो शब्द काढून जागा मोकळी सोडली. म्हणजे आमच्या पहिल्या रेकॉर्डवर बास गिटारपुढं कुणाचंच नाव नाही. तेव्हा मी फार चिडलो होतो. आता वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात एवढं अचूक काम दुसऱ्या कुणीच केलं नाही.

तर त्यांनी मला बास दिली. तिला चारच तारा असतात, त्यामुळं मीही हरकत घेतली नाही. ती बास त्यांच्या वडिलांची होती. फ्रँक ॲक्रॉइड आठवडाभर गिरणीत राबायचे आणि शनिवारी कामगारांच्या क्लबात बास वाजवायचे. मी भेटण्याच्या आदल्या वर्षी ते वारले होते, आणि तेव्हापासून हे दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले होते. भांडण असं काही नव्हतं. नुसतं बोलणं आटलं होतं. “नेम, तिला सांग, दुसरं कडवं जरा हळू घे.” “नेम, त्याला सांग, मी हळूच घेतेय.” दोघांत अंतर चार फुटांचं. तीन वर्षं दिवसा मी आधी कॉलेज केलं, मग एका कारखान्यात कापडाचे नमुने तपासले आणि संध्याकाळी या दोघांचे निरोप इकडून तिकडं पोचवले. मला वाटायचं, मी बास वाजवतोय.

तीन वर्षांत आम्ही उत्तर इंग्लंडातले सगळे ओले तळघर-क्लब पालथे घातले. एका छोट्या कंपनीनं आमचं एक गाणं काढलं, मग दुसरं, आणि अखेर अख्खी रेकॉर्ड काढायचं ठरलं. ऑक्टोबरात वेल्समधल्या एका शेतावरच्या स्टुडिओत आम्ही पाच दिवस राहिलो. ध्वनिमुद्रण करणारा ट्रेव्हर नावाचा गृहस्थ घरातही गळ्यात मफलर गुंडाळून बसायचा आणि मला ‘आपले करीवाले मित्र’ म्हणायचा. मी तीन वर्षं चिप्स आणि टोस्टवर काढली होती, पण ते असो. चौथ्या दिवशी कॉलिनची दाढ ठणकायला लागली. मी त्याला गाडीत घालून वीस मैलांवरच्या दंतवैद्याकडं नेलं. संध्याकाळी परत आलो तर ट्रेव्हर एकदम खुशीत. म्हणाला, काम झालं, आता नुसती झाडलोट राहिलीय.

त्यानंतर कॉलिनच्या घशाचं छोटं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याचं गाणं तीन महिने बंद केलं. त्यामुळं रेडिओ स्टेशनच्या त्या दुपारपर्यंत आम्ही तिघं पुन्हा एकत्र वाजवायला बसलोच नव्हतो.

जानेवारीत रेकॉर्ड हातात आली. मी ती खोलीवर लावली आणि थक्क झालो. मी इतकं सुंदर वाजवतो याची मला कल्पनाच नव्हती. शंका आली का? आली. साधारण दीड मिनिट होती. मग मी मनाशी म्हटलं, स्टुडिओतली यंत्रं आता फार पुढं गेलीत, खडबडीत वाजवलेलं गुळगुळीत करतात. आपला फोटो चांगला निघाला तर फोटोवाल्याशी कोण हुज्जत घालतं?

त्यातच एका संगीत साप्ताहिकानं लिहिलं, की या बासवाल्याच्या बोटांत पूर्वेकडचा संयम आहे. लगोलग त्यांचा वार्ताहर मुलाखतीला आला. त्यानं विचारलं, ही चाल सुचली कशी? मी खिडकीबाहेर पाहिलं, पुरेसा वेळ घेतला, आणि म्हणालो, “मी मागांच्या आवाजात लहानाचा मोठा झालो. धाग्याचा धोटा जातो, येतो. तोच हा ताल.” म्हणताना माझे मलाच डोळे भरून आले. त्यानं अर्धं पान छापलं.

मी घरी फोन लावला.

“आप्पा, पेपरात आलंय माझं.”

“काय आलंय?”

“आपल्या मागांचा ताल मी गाण्यात वाजवला म्हणून.”

आप्पा म्हणाले, “चोवीसातलं आठ माग बंद हायत हिकडं. तू कुठल्या मागाचा वाजीवलास?”

तर अशा सगळ्या थाटात मी लीड्सला आलो होतो. आणि आता कानातला हेडफोन काढून त्या खोलीच्या मधोमध उभा होतो.

कॉलिननं मला हाताला धरून बाहेरच्या बोळात नेलं.

“हे बघ,” तो हळू आवाजात म्हणाला, “ते ट्रेव्हरनं वाजवलंय. मला वाटलं, तुला माहीत असेल.”

“तुला कधी कळलं?”

“रेकॉर्ड ऐकली तेव्हाच. नेम, मी तीन वर्षं तुझ्या शेजारी उभा राहून गातोय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू त्या पेपरवाल्याला मागांची गोष्ट सांगत होतास. इतका रंगला होतास, मध्ये कसं तोडायचं?” त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. “संध्याकाळी तुला जमतं तसं साधं वाजव. रेडिओवर कुणाला फरक कळतोय? कुणी विचारलंच, तर हस. आणि मॉरीनला सांग, दुसरं गाणं आधी घेऊ.”

मॉरीन मागच्या दारापाशी पायरीवर बसून सँडविच खात होती. मी निरोप सांगितला आणि शेजारी बसलो.

“तुलाही माहीत होतं?” मी विचारलं. “ट्रेव्हरनं वाजवलंय म्हणून?”

“ट्रेव्हरनं?” ती हसली. “ट्रेव्हरला दारावरची बेलसुद्धा धड वाजवता येत नाही.”

“मग कुणी?”

तिनं सँडविच कागदावर ठेवलं. आपल्या हातांकडं बघत बसली. बेकरीतल्या तापल्या पत्र्यांचे चटके बसून तिच्या मनगटांवर बारीक पट्टे उमटलेले असत.

“तुम्ही दोघं दाढ दाखवायला गेला होतात, त्या दुपारी कंपनीचा फोन आला,” ती म्हणाली. “त्यांनी तुझी बास ऐकली होती. म्हणाले, उद्या लंडनहून माणूस पाठवतो, त्याच्याकडून सगळं परत वाजवून घ्या. मी ट्रेव्हरला म्हटलं, माणूस नको. आणि बसले वाजवायला. सहा गाणी झाली.”

“तुला बास येते?”

“येते.”

“आणि कॉलिनला…”

“कॉलिनला माहीत नाही. आणि कळता कामा नये. ऐकलंस?”

यानंतरच्या दोन मिनिटांबद्दल मला आजही आंघोळ करताना मध्येच कण्हायला होतं. बाहेरून बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, पाणी कढत आहे.

त्याचं असं झालं, की माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. या मुलीनं मला वाचवलं होतं. स्वतः वाजवून श्रेय मला दिलं होतं. चार महिने एका शब्दानं बोलली नव्हती. याचा अर्थ एकच होऊ शकत होता, निदान मला दुसरा दिसला नाही.

“मॉरीन,” मी आवाज खाली आणून म्हणालो, “तुझ्या भावनांची मला कदर आहे. पण आमच्यात लग्नं समाजातच होतात. आप्पांची समजूत घालायला मला थोडा वेळ द्यावा लागेल.”

ती माझ्याकडं बघत राहिली.

“कसल्या भावना?”

“तू माझ्यासाठी जे…”

“नेम,” ती शांतपणे म्हणाली, “ती बास डॅडची आहे. लंडनवाला आपली स्वतःची घेऊन आला असता. डॅडनी तीस वर्षं ती वाजवली आणि एकदाही तिचा आवाज कुठं रेकॉर्ड झाला नाही. ही एक वेळ आली होती. तेवढ्यासाठी.” मग जरा विचार करून, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, ती म्हणाली, “एरवी तुझ्याकडं असली तर चालते. तू तिला काही करत नाहीस.”

मी पायरीवरची धूळ बघत बसलो. थोड्या वेळानं तिचं तीच बोलायला लागली.

“डॅडनी कॉलिनला शिकवायला घेतली होती. रोज जेवण झालं की स्वयंपाकघरात बसायचे दोघं. दोन वर्षं. त्याला नाहीच जमली. एक दिवस डॅडनी बास कपाटात ठेवली आणि म्हणाले, राहू दे, माझा हात माझ्याबरोबरच जायचा दिसतोय. कॉलिन बारा वर्षांचा होता. मी जिन्यात बसून सगळं ऐकायचे. घरात कुणी नसलं की किल्ली शोधून ती कपाटातून काढायचे. मी चौदाची असताना डॅडनी मला पकडलं.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. त्यानंतर कपाटाला कुलूप लावायचं बंद केलं.” तिनं सँडविचचा कागद घडी करून खिशात घातला. “कॉलिनला वाटतं, तो हात डॅडबरोबर गेला. त्याचं त्यानं कसंतरी पचवलंय. तो हात माझ्याकडं आलाय, इतकी वर्षं त्याच घरात होता, हे त्याला कळलं तर…” ती उठून आत गेली.

सहा वाजता थेट प्रसारणाचा लाल दिवा लागला.

कार्यक्रम करणारे ग्रॅहम पेल साठीच्या घरातले होते, जाड चष्मा, मायाळू आवाज. त्यांनी आमची ओळख करून दिली. कॉलिननं सांगितलं तसं दुसरं गाणं आम्ही आधी वाजवलं, आणि ते साधं असल्यामुळं निभावलं. मग पेलसाहेब माझ्याकडं वळले.

“तुमची मुलाखत मी वाचली,” ते म्हणाले. “माझी आई हॅलिफॅक्सला मागावर होती. लहानपणी डबा द्यायला जायचो मी. तुमचं गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि मला तो आवाज आठवला. श्रोत्यांसाठी एक विनंती आहे. फक्त बासवर तेवढाच तुकडा वाजवून दाखवाल?”

माझे हात तारांवर गेले. चार तारा. कुठून सुरू करायचं तेही मला ठाऊक नव्हतं. पेलसाहेब चष्मा सारखा करून वाट बघत होते. आईची आठवण निघाल्यामुळं त्यांचा चेहरा मऊ झाला होता. त्या माणसापुढं दार ठोकून दाखवणं मला शक्य झालं नाही.

“ते मी वाजवलेलं नाही,” मी म्हणालो.

पेलसाहेब हसले. त्यांना तो विनय वाटला. “मग कुणी?”

मी कॉलिनकडं पाहिलं. तो ओठांनी आवाज न करता सांगत होता : ट्रेव्हर. ट्रेव्हर म्हण. मागं मॉरीन स्तब्ध बसली होती. ट्रेव्हर म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. कॉलिनला तेच खरं वाटत होतं, मॉरीनला तेच हवं होतं, आणि ट्रेव्हरनं तर आनंदानं श्रेय घेतलं असतं.

मी खरं बोलायचं ठरवलं, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. त्यात तथ्य नाही. खरं कारण असं, की त्या क्षणी मला तो गळ्यातला मफलर दिसला. आपले करीवाले मित्र. त्या माणसाला ही बास द्यायला माझा जीव धजेना.

“मॉरीननं,” मी म्हणालो. “तिच्या वडिलांची बास आहे ही. तिनं वाजवलीय.”

रेडिओवर शांतता असू नये असा नियम असतो म्हणे. त्या दिवशी ती निदान सहा सेकंद होती. मग पेलसाहेबांनी, इतक्या वर्षांची सवय, आवाजात काडीचा फरक न पडू देता सांगितलं, “तर मंडळी, आधी आपण ती रेकॉर्डच ऐकू या,” आणि हात हलवून खूण केली. लाल दिवा विझला. काचेपलीकडं गाणं सुरू झालं. आमच्याकडं तीन मिनिटं आणि चाळीस सेकंद होते.

कॉलिननं मागं वळून बहिणीकडं पाहिलं.

“तू?” तो म्हणाला.

मॉरीननं मान डोलावली.

“कुणी शिकवली?”

“तुला शिकवत होते तेव्हा ऐकली.”

“कुठून?”

“जिन्यातून.”

मी मध्ये उभा होतो. सवयीनं माझी मान इकडून तिकडं वळत होती. पण माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. छतावरच्या बारीक स्पीकरमधून गाणं येत होतं आणि कॉलिन ते मान खाली घालून ऐकत होता. आपली बहीण वाजवतेय हे माहीत असताना तो ते पहिल्यांदा ऐकत होता. दुसऱ्या कडव्यापाशी त्यानं डोळ्यांवर हात धरला. मला वाटलं, संपलं. तीन वर्षांचा बँड मी एका शब्दात बुडवला.

“डॅडना माहीत होतं?” त्यानं हात न काढता विचारलं.

“होतं.”

“बरं झालं,” कॉलिन म्हणाला. “मला वाटायचं, ते गेले ते कुणालाच काही न देता गेले. माझ्यामुळं.”

मॉरीन रडत नसे. त्या दिवशीही रडली नाही. फक्त हातातल्या काठ्या तिनं अगदी सावकाश, आवाज होणार नाही अशा, ड्रमवर ठेवल्या.

“तीस सेकंद,” काचेपलीकडून बाई म्हणाली. “काय वाजवताय?”

कॉलिन माझ्याजवळ आला, माझ्या डोक्यावरून बासचा पट्टा काढला आणि तो बहिणीच्या गळ्यात अडकवला. मग मला म्हणाला, “तू ड्रमवर बस. उजवा पाय त्या पट्टीवर. एक, दोन, तीन, चार म्हणायचं आणि दर एकला पाय दाबायचा. बाकी कशाला हात लावू नकोस.”

लाल दिवा लागला. मॉरीननं एकटीनं सुरुवात केली. त्या खोलीत, दोन हातांवरून, तो जिना उतरणारा आवाज मी पहिल्यांदा समोर ऐकला. पेलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कॉलिन गायला लागला, भिंतीकडं तोंड न करता. मी दर एकला पाय दाबला. चार मिनिटांत एकदाही चुकलो नाही. बॉरोड कोट्समधल्या माझ्या तीन वर्षांच्या कारकिर्दीतलं ते एकमेव निर्दोष वादन.

पुढं जे झालं ते थोडक्यात. कंपनीनं आरडाओरडा केला. मग लोकांची पत्रं आली तशी गप्प बसली. मला कुणी काढलं नाही. दोघंही म्हणाले, राहा, गाडी चालवायला माणूस लागतोच. पण नव्या ड्रमवाल्याला गाडी चालवता येत होती. मार्च संपता संपता मी इचलकरंजीला आलो, आणि आप्पांच्या आठ बंद मागांपैकी पाच चालू केले, ज्याबद्दल कुठल्याही साप्ताहिकानं काही छापलं नाही. बँड नऊ वर्षं चालला. फार मोठा कधीच झाला नाही. पण पाच रेकॉर्डी निघाल्या, आणि पाचांवर बास मॉरीनची आहे.

त्या संध्याकाळी मात्र सात वाजता आम्ही सामान गाडीत भरलं आणि हडर्सफील्डकडं निघालो. रोज एक जण पुढं आणि एक मागं बसायचा. आज दोघंही मागं बसले, पेट्यांच्या मधे. शहराचे दिवे मागं पडले. मग कॉलिनचा आवाज आला.

“तिसऱ्या ओळीला तू घाई करतेस.”

“डॅडही करायचे.”

“डॅड चुकायचे.”

“डॅड चुकत नव्हते. तू रेंगाळायचास, म्हणून ते तुला ओढून न्यायचे.”

“मी रेंगाळायचो?”

“अजून रेंगाळतोस. गाऊन बघ.”

तो गायला लागला. तिनं गाडीच्या पत्र्यावर बोटांनी ताल धरला. तिसऱ्या ओळीला दोघं अडखळले आणि पुन्हा भांडायला लागले. मग वडिलांच्या क्लबातल्या कुठल्याशा शनिवारावरून, मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून, मग कपाटाची किल्ली कुणाकडं असायची यावरून. चार वर्षांचं साठलेलं सगळं एका गाडीत बाहेर पडत होतं. हडर्सफील्डची पाटी दिसली. डावीकडं वळलं की दहा मिनिटांत त्यांचं घर.

मी सरळ गेलो. त्या रस्त्यानं डोंगराला वळसा घालून गेलं की आणखी पाऊण तास लागतो.

“नेम,” बऱ्याच वेळानं कॉलिन मागून म्हणाला, “रस्ता चुकलास वाटतं.”

“हो,” मी म्हणालो, “चुकलो.”